थकवा आला की कंटाळा केला?

मराठीत थकवा ‘येतो’. झोप येते, चक्कर येते, ग्लानी येते, मरगळ येते. पाहुणा यावा तसे हे सगळे बाहेरून येते आणि ज्याच्याकडे येते त्याच्या नावाला ‘ला’ किंवा ‘ना’ लावून त्याला बाजूला बसवले जाते : आईला थकवा आला, बाबांना चक्कर आली. यात दोष कोणाचाच नाही. कंटाळ्याचे मात्र तसे नाही. कंटाळा येतो, तसा तो ‘केला’ही जातो. ‘आज स्वयंपाकाचा अगदी कंटाळा आलाय’ असे बाई स्वतःबद्दल बोलते. तिच्याबद्दल दुसरे कोणी बोलू लागले की तेच वाक्य ‘ती स्वयंपाकाचा कंटाळा करते’ असे होते. शरीर तेच, संध्याकाळ तीच, ओट्यावरचा पसाराही तोच. क्रियापद बदलले आणि निकाल लागला.

‘थकवा केला’ असे कोणी म्हणत नाही. आळस येतो आणि केलाही जातो. हयगय, टाळाटाळ, चालढकल तर फक्त केल्याच जातात. भाषेने अशी एक रेघ ओढून ठेवली आहे. ज्याच्या दमण्यावर लोकांचा विश्वास बसतो तो रेघेच्या अलीकडे, ज्याच्या दमण्यावर बसत नाही तो पलीकडे. कोण कुठे पडतो, हे या शब्दांच्या वापरातून जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून कळत असेल.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानाला हा विषय शोभतो, कारण लोखंडे यांचे सार्वजनिक आयुष्य याच रेघेवर गेले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, १८८० पासून ‘दीनबंधू’चे संपादक, आणि १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे हे गृहस्थ. त्या वेळी १८८१ चा कारखाना कायदा होता, पण कामाच्या तासांना त्याने घातलेली मर्यादा लहान मुलांपुरती होती. मोठ्या माणसांच्या दिवसाला, मग तो पुरुष असो की बाई, अंत नव्हता. १८८४ मध्ये भरलेल्या कामगारांच्या सभेनंतर ज्या मागण्या पुढे आल्या त्या आजही वाचण्यासारख्या आहेत : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर इजा झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. या मागण्यांत दयेची याचना नाही. आमच्या थकव्यावर विश्वास ठेवा, असे त्यांनी मालकांना विनवले नाही. त्यांनी घड्याळ मागितले. घड्याळ एकदा मान्य झाले की कोणी कंटाळा केला आणि कोणाला थकवा आला, याचा निवाडा मुकादमाच्या मर्जीवर राहत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले होते आणि तिथे दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने स्त्रियांचा दिवस ११ तासांवर आणला आणि त्यात दीड तासाची विश्रांती घातली. अकरा तास! तरीही ती जिंकलेली गोष्ट होती.

आता थकव्याच्या शब्दांकडे. ते सगळे एकाच अर्थाचे आहेत असे वाटते ते केवळ कोशात एकापुढे एक छापले जातात म्हणून. बोलताना मराठी माणूस त्यांची गल्लत सहसा करत नाही.

दमणे हे श्वासाशी जोडलेले आहे. ‘दम’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ श्वास. चार जिने चढून आलेला माणूस दमतो, त्याला दम लागतो, तो दाराशी उभा राहून दम खातो. पाणी पिऊन झाले, पदराने वारा घेतला, की दम परत येतो. दमणे तासाभराचे असते. म्हणूनच दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘दमलास का रे?’ असे विचारतात. तिथे ‘थकलास का?’ म्हटले तर थोडे चुकल्यासारखे वाटते, जणू काही महिन्यांची चौकशी केली. श्वासाच्या या एका शब्दावर मराठीने केवढा संसार मांडला आहे. घाई करणाऱ्याला दम धर म्हणायचे, काम दमाने घ्यायचे, ज्याला थांबवत नाही त्याचा दम निघत नाही, गडगडून बरसला की पाऊस दमदार, मुलाला रागवायचे ते दम देऊन, आणि श्वासाचाच रोग झाला तर तो दमा. यातल्या बहुतेकांत श्वास म्हणजे माणसाच्या गाठीची पुंजी. ती खर्चता येते, राखता येते, दुसऱ्यावर रोखताही येते.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघते, तेव्हा वाटेत दिवे घाटाची चढण लागते. तिथे वारकरी दमतो, घामाघूम होतो, पण संध्याकाळी सासवडला पोचल्यावर ‘थकलो’ म्हणणारे त्या मानाने थोडे भेटतात. पालखीच्या वेळापत्रकात ‘विसावा’ आणि ‘मुक्काम’ असे दोन वेगळे शब्द छापलेले असतात. विसावा दम परत आणण्यापुरता, मुक्काम रात्रीचा. दोन प्रकारच्या थकण्याला दोन प्रकारची थांबण्याची जागा, इतका साधा तो विचार आहे. मराठी माणसाने निवृत्तीनंतर बांधलेल्या घरावर ‘विसावा’ अशी पाटी लावली, तीही याच अर्थाने. पुढची वाटचाल अजून शिल्लक आहे, हे त्या शब्दात गृहीत आहे.

थकणे हे वेगळेच प्रकरण आहे. प्राकृतातल्या ‘थक्क’ या धातूचा मूळ अर्थ थांबणे, उभे राहणे. चालणारा माणूस थांबला, पुढे जाईना, तो थकला. हा अर्थ डोळ्यांपुढे ठेवला की एरवी विसंगत वाटणारे शब्द एका रांगेत येतात. बिल थकते, पगार थकतो, कर्जाचे हप्ते थकतात, आणि मग थकबाकी निघते. पैसा जायला हवा होता, तो वाटेत उभा राहिला. जादूचा खेळ पाहणारा थक्क होतो, कारण त्याचेही पाऊल जागच्या जागी थांबते. अचंबा आणि दमणूक या दोन टोकांच्या गोष्टी एकाच धातूत राहतात, हे एकदा ध्यानात आले की शेजारचा ‘हैराण’ही उलगडतो. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ चकित, गोंधळलेला, आणि हिंदीत तो बऱ्याच अंशी तिथेच राहिला. हिंदी माणूस ‘हैरान’ होतो तेव्हा बहुधा त्याला आश्चर्य वाटलेले असते. मराठी माणूस हैराण होतो तेव्हा त्याच्या घरी तीन दिवस पाणी आलेले नसते. एकच शब्द, नर्मदा ओलांडताना त्याच्यातले आश्चर्य गळून पडले आणि त्रास तेवढा उरला.

थांबण्याच्या त्या अर्थामुळेच ‘थकणे’ म्हाताऱ्या माणसांना लावले जाते. ‘आजोबा आता फार थकलेत’ या वाक्यात आजोबांनी आज काय काम केले, याची चौकशी नसते. ते आता फारसे बाहेर पडत नाहीत, बाजाराची पिशवी त्यांच्या हातून सुटली, एवढे सगळे त्या एका क्रियापदात येते. ‘म्हातारे झाले’ हे तोंडावर म्हणवत नाही, ‘अशक्त झाले’ म्हटले तर आजार वाटतो. ‘थकले’ म्हटले की मागच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या चालण्याचा मान राखला जातो. कुठल्याही परक्या शब्दाला या जागी बसवून पाहावे, बसत नाही.

शीण हा बहुधा मनाचा आणि डोळ्यांचा. वाचून डोळे शिणतात, बोलून माणूस शिणतो, चेहऱ्यावर शिणवटा दिसतो. भागणे आज एकटे फारसे येत नाही, थकल्याच्या हाताला धरूनच येते, ‘थकलाभागला’. संतांच्या कवितेत मात्र शिणलेला आणि भागलेला जीव पावलोपावली भेटतो. तो कामाने नव्हे, वणवणीने भागलेला असतो आणि विठ्ठलाच्या पायाशी विसावा मागतो. श्रम हा त्यातला संस्कृत शब्द. त्याला मराठी समारंभाने एक खास कोपरा दिला आहे : श्रमपरिहार. गणेशोत्सव पार पडला, संमेलन संपले, की मांडव घालणारे, खुर्च्या उचलणारे, रात्री जागलेले सगळे एकत्र जेवायला बसतात. नाव श्रमपरिहार, प्रत्यक्षात पुरी आणि श्रीखंड. ज्याने काम केले त्याच्या थकव्याची जाहीर नोंद घेणारी ही पंगत मराठी सार्वजनिक जीवनातल्या फार चांगल्या रूढींपैकी एक आहे. खंत एवढीच, की भांडी घासणाऱ्या बाया त्या पंगतीला अनेकदा नसतात.

याहून बारीक काम केले आहे ते अंगाच्या शब्दांनी. ताटातले पीठ एका हाताने बराच वेळ तोलून धरले की हाताला रग लागते. एकाच जागी मांडी घालून बसले की पाय अवघडतात, आणि हेच क्रियापद दिवस भरत आलेल्या बाईलाही लावतात, तिला अवघडलेली म्हणतात. बऱ्याच दिवसांनी अंगमेहनत केली की दुसऱ्या दिवशी अंग आंबते. हा शब्द कोणी योजला असेल तो स्वयंपाकघरातला आणि नेमक्या नजरेचा माणूस असला पाहिजे, कारण रात्रभर मुरल्यावरच दुखणे वर येते ही गोष्ट त्याने पिठावरून उचलली. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय भरून येतात. ताप यायच्या आधी अंग मोडून येते, अंगात कणकण असते, कसर असते. शेतकऱ्याने पिकासाठी वापरलेले शब्दही माणसाला लागले. पाऊस ताणला की पीक मान टाकते, रोप मलूल पडते, आणि तापाने फणफणलेले पोरही मलूल पडते, मान टाकते.

पिळवटून गेलेल्या माणसाचे वर्णन करताना मराठी द्रवाची भाषा बोलते. हातपाय गळतात, अवसान गळते, माणूस गळाठतो, आणि विद्वान असेल तर गलितगात्र होतो. रक्ताचे पाणी होते. हाडांची मात्र काडे होतात.

शास्त्रकारांनीही हे प्रकार एकत्र बांधले नाहीत. नाट्यशास्त्रात भरताने जे ३३ व्यभिचारी भाव सांगितले, त्यांत ग्लानी, श्रम आणि आलस्य असे तीन भाव वेगवेगळे मोजले आहेत. दमलेला, गळालेला आणि आळसावलेला हे तिघे रंगमंचावर वेगळे दिसले पाहिजेत, असा त्याचा आग्रह. सुश्रुताने तर ‘क्लम’ नावाची अवस्था सांगितली आहे : काही कष्ट न करता शरीराला येणारा थकवा, ज्यात धाप लागत नाही, पण इंद्रियांची कामे अडखळतात. हे लक्षण वाचताना दचकायला होते. रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलाच उठणाऱ्या माणसाला आज घरचे लोक ‘केलंस काय एवढं?’ असे विचारतात, त्या माणसाची साक्ष सुश्रुताने ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. चरकाने श्रम घालवणारी दहा द्रव्ये एका गटात दिली. त्यांत द्राक्षे, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठीचा तांदूळ आहेत. दहाच्या दहा खाण्याच्या वस्तू. थकलेल्याला आधी खायला द्या, हे त्या यादीत न लिहिता लिहिले आहे.

अशक्तपणाचे शब्द थकव्याइतके दयाळू नाहीत. थकव्याला कारण असते, अशक्तपणा माणसाच्या नावाला चिकटतो. काडीपैलवान, पाप्याचे पितर, मरतुकडा, लुकडा, हडकुळा, लेचापेचा. गावात एखाद्याला शाळेत पडलेले असे नाव साठाव्या वर्षापर्यंत सुटत नाही. या गर्दीत एक शब्द मात्र नाजूक आहे : तोळामासा. प्रकृती तोळामासा असणे ही सोनाराच्या तराजूची भाषा. १ तोळा म्हणजे १२ मासे. ज्याची तब्येत अशी तोळ्यामाशावर तोललेली, त्याला थोडा वारा लागला तरी काटा हलतो. अशक्तपणाला सोन्याच्या मापाने तोलणारा हा शब्द अर्थातच खात्यापित्या घरचा आहे. शेतमजूर बाईची प्रकृती तोळामासा असल्याचे कोणी म्हणत नाही. ती खंगते, वाळते, रोडावते, झिजते. हे सगळे शब्द हळूहळू कमी होण्याचे आहेत. क्षयाला क्षय म्हटले तेही त्याच कारणाने. महिन्यामहिन्याने माणूस कमी होताना लोकांनी पाहिला, आणि जे दिसले तेच रोगाचे नाव झाले.

यातला ‘झिजणे’ हा शब्द थांबून पाहावा असा आहे, कारण तो स्तुतीसाठी वापरला जातो. चंदनासारखी झिजली, घरासाठी झिजली, असे शोकसभेत म्हणतात, आणि तो गौरव बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतो. झीज ही खरे तर जोड्याची, जात्याच्या पाळीची, नांगराच्या फाळाची. ती भरून काढावी लागते, जाते टाकवून घ्यावे लागते. माणसाच्या झिजेला चंदनाचा वास दिला की ती भरून काढायची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. बाईने जिवंतपणी ‘दमले’ म्हटले तेव्हा कंटाळा करते म्हणायचे आणि गेल्यावर झिजली म्हणायचे, ही मराठी घरांतली जुनी आणि अत्यंत अन्यायाची रीत आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसातली २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तास रोज, रविवार धरून. लोखंडे यांनी मिळवलेला रविवार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन तिथेच थबकला. रविवारी तर घरात जेवणारी तोंडे वाढतात.

जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे प्रचंड काम हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी केले. लाखाहून अधिक ओव्या त्यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या. पहाटे दळताना म्हटलेल्या या ओव्यांत हाताच्या बळाचे कौतुक आहे, पण ते बळ दळणारी स्वतःकडे घेत नाही, ते आईच्या दुधाला देते. थकव्याची तक्रार तिने कोणाकडे करायची? सासूकडे केली तर कंटाळा करते, नवऱ्याकडे केली तर रड लावते. जाते तेवढे ऐकून घेत होते.

मजुरीच्या बाजारात थकव्याला शब्दच ठेवलेला नाही, तिथे फक्त त्याची किंमत आहे. ऊसतोडीच्या फडात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते आणि ती तोडून फेडायची असते. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ पडतो आणि दंड कापला जातो. ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडले, कारण काहीही असले तरी हिशेबाच्या वहीत त्याला एकच नाव : खाडा. शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही हाच शब्द लावला जातो, ‘फार खाडे करते’. पुन्हा ते ‘करणे’ आलेच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांवर मोठ्या प्रमाणात झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खाड्याची भीती माणसाला शरीराचा कोणता भाग द्यायला लावू शकते, हे त्या चौकशीच्या निमित्ताने महाराष्ट्रासमोर आले. तेव्हा हळहळ व्यक्त झाली. शब्द मात्र तसाच चालू आहे.

अंगचोर हाही याच घराण्यातला. कामात पाठ लावत नाही तो बैल अंगचोर, आणि गडीही अंगचोर. शब्दाची फोड केली की अंगावर काटा येतो. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. ज्याने आपलेच अंग राखले त्याला चोर म्हणायचे, तर ते अंग त्याचे नव्हते, मालकाचे होते, असे धरावे लागते. गंमत म्हणजे बैलाच्या वाट्याला निदान एक दिवस येतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप लावून तो चोळतात, शेकतात. मालक हाताने खांदा चाचपतो, सूज कुठे आहे ते पाहतो. दुसऱ्या दिवशी औताला जुंपत नाहीत.

आता दवाखान्यात जायला हवे, कारण या शब्दांचा वापर चुकला तर सर्वांत मोठी किंमत तिथे मोजावी लागते. गेल्या काही दशकांत मराठीत ‘विकनेस’ नावाचा शब्द पक्का रुजला. दमणे, शिणणे, गळून जाणे, अंग मोडणे, चक्कर येणे, जीव घाबरणे, भूक मरणे, हे सगळे आता त्या एका शब्दात कोंबले जाते. बाई डॉक्टरांपुढे बसते आणि म्हणते, ‘विकनेस आलाय.’ डॉक्टर घाईत असतात, तेही म्हणतात, ‘विकनेस आहे.’ मग ‘ताकदीचं इंजेक्शन’ किंवा सलाईन. सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. पाच टक्के ग्लुकोजची तेवढीच बाटली लावली तर त्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. ज्वारीची एक भाकरी यापेक्षा जास्त देते. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडले तर सलाईन जीव वाचवते यात शंका नाही. पण जिच्या अंगात रक्तच कमी आहे तिला त्या बाटलीने काहीही मिळत नाही, मजुरीचे पैसे तेवढे जातात.

आणि अंगात रक्त कमी असणे ही अपवादाची गोष्ट नाही. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषांमध्ये २५ टक्के. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात मोडतात. म्हणजे ‘कंटाळा करते’ असे जिच्याबद्दल बोलले जाते, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा लोहाचा घटक पुरेसा नसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. हिमोग्लोबिन तपासायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही वेळ तिला शब्द लावणाऱ्याने थांबायला हवा होता.

तिची स्वतःची भाषा मात्र अचूक असते, ती ऐकून घेतली तर. ‘अंगात त्राण नाही’ हे ‘विकनेस’पेक्षा जास्त सांगते. ‘जिना चढले की छाती भरून येते’, ‘उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘पायांत गोळे येतात’, ‘माती खावीशी वाटते’ ही चार वाक्ये रक्तक्षयाच्या पाठ्यपुस्तकातली आहेत, फक्त ती पुस्तक न वाचलेल्या बाईच्या तोंडून आलेली. ‘दम लागतो’ आणि ‘थकवा येतो’ यांतला फरक डॉक्टरने हृदय-फुप्फुसांकडे पाहायचे की रक्ताकडे, की थायरॉइडकडे, की मनाकडे, हे सुचवू शकतो. ‘खंगत चाललोय’ असे कोणी म्हणाले तर त्याचे वजन करायलाच हवे आणि खोकल्याची चौकशी करायलाच हवी. शब्दांची ही संपत्ती आपोआप टिकत नाही. ‘विकनेस’ म्हटले की पुढचे विचारणे थांबते, आणि जो शब्द विचारणे थांबवतो तो दवाखान्यात धोक्याचा असतो.

शहरी नोकरदारांनी आणलेला ‘बर्नआऊट’ त्या मानाने विचार करून बनवलेला शब्द आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ मध्ये तो लेखात मांडला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या करताना तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी अवस्था असल्याचे म्हटले. त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत : शक्ती संपणे, कामापासून मन दूर जाणे, आणि हातून नीट काम न होणे. मराठीत या तिन्हींना शब्द आहेत. जीव शिणतो, मन विटते, हात चालत नाहीत. ‘वीट येणे’ हे दुसऱ्या लक्षणाचे इतके नेमके नाव आहे की वेगळी व्याख्या लागू नये. पण मुलाने वडिलांना ‘मला बर्नआऊट झालंय’ म्हटले तर ते गंभीर होतात आणि ‘कामाचा वीट आलाय’ म्हटले तर चार गोष्टी सुनावतात. परक्या शब्दाला विश्वास मिळतो आणि घरच्या शब्दाला मिळत नाही, हे दुःख शब्दाचे नाही, घराचे आहे.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, दुखणे ‘अंगावर काढणे’. औषध न घेता, कोणाला न सांगता, काम न सोडता ताप संपवायचा. पुरुषही अंगावर काढतात, पण हा शब्द ऐकू येतो तो जास्त करून बायकांच्या बोलण्यात, आणि बऱ्याचदा थोड्या अभिमानाने. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा बाईला ‘विकनेस आहे का?’ असे विचारले तर ती हो म्हणते, कारण सगळ्याच हो म्हणतात. तिला तिच्या कामाचा प्रश्न विचारावा लागतो. पाणी कुठून आणता? वाटेत थांबावे लागते का? मग ती हिशेब करून सांगते की मागच्या पावसाळ्यापर्यंत विहिरीपासून घरापर्यंत हंडा एकदाही खाली ठेवला नव्हता. दिवाळीनंतर वडाशी टेकायला लागली. आता वडाशी एकदा, आणि देवळाच्या ओट्यावर एकदा.